तपासणी आणि शुश्रूषा

(संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात आरोग्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



आमच्या आरोग्य समितीने दरवर्षी या व्यासपीठावरून मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार अशा आपल्या घरातल्याच विषयांवर बोलावे असा प्रघात आहे. यंदा आम्ही तो मोडीत आहोत. प्रशांत महासागरातील मार्शल बेटांवर अणुचाचण्यांच्या राखेत सापडलेल्या माणसांची वैद्यकीय काळजी कोणी घेतली, कशी घेतली आणि ती कोठे कमी पडली, एवढाच आजचा विषय आहे. आपला याच्याशी काय संबंध, असे समितीच्या बैठकीतही काहींनी विचारले. आमचे उत्तर साधे आहे. या चाचण्या ज्या देशाने केल्या त्या अमेरिकेत आपण राहतो, येथे कर भरतो आणि आपल्यापैकी पुष्कळ जण येथल्याच रुग्णालयांत डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते म्हणून काम करतात. हे रुग्ण आता बेटांवरच राहिलेले नाहीत. ते आपल्या दारात येतात.

आमच्या समितीतील एक परिचारिका भगिनी काही वर्षांपूर्वी आर्कन्सा राज्यातील स्प्रिंगडेल येथे एका दवाखान्यात कामाला होत्या. स्प्रिंगडेलमध्ये मार्शल बेटांवरून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांतील पुष्कळ जण कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यांत राबतात. एके दिवशी सत्तरीच्या आसपासच्या एक बाई तपासणीसाठी आल्या. गळ्यावर आडवा, जुना, पुसट झालेला व्रण. पिशवीत थायरॉक्सिनच्या गोळ्यांची बाटली. रक्त घेण्यासाठी दंडाला पट्टी बांधताच त्यांनी सोबतच्या मुलीकरवी विचारले, "हे रक्त माझ्यासाठी घेता की तुमच्यासाठी?" आमच्या भगिनींना त्या वेळी त्या प्रश्नाचा अर्थ लागला नाही. घरी येऊन त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि त्यांच्यामागोमाग आम्हीही. आज जे सांगणार आहोत ते त्या वाचनातून हाती आलेले आहे.

मार्शल बेटे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानकडून जिंकली, आणि १९४७ पासून संयुक्त राष्ट्रांनी ती विश्वस्त प्रदेश म्हणून अमेरिकेच्याच हाती सोपविली. विश्वस्त या शब्दाचा अर्थ आपल्याला सांगायला नको. १९४६ ते १९५८ या काळात या बेटांवर ६७ अणुचाचण्या झाल्या. त्यांतील सर्वांत मोठा स्फोट १ मार्च १९५४ रोजी पहाटे पावणेसातला बिकिनी या कंकणद्वीपावर झाला. त्याचे सांकेतिक नाव ब्राव्हो. शास्त्रज्ञांचा अंदाज सुमारे सहा मेगाटनांचा होता. प्रत्यक्षात स्फोट पंधरा मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमाच्या बाँबच्या सुमारे हजारपट झाला.

बिकिनीच्या पूर्वेस शंभराहून अधिक मैलांवर राँगेलाप हे कंकणद्वीप आहे. १९४६ च्या चाचण्यांच्या वेळी, त्या पुष्कळच लहान असूनही, राँगेलापच्या लोकांना खबरदारी म्हणून तात्पुरते हलविले होते. १९५४ मध्ये हलविले नाही. वारा राँगेलापच्या दिशेने वळत असल्याचे आदल्या रात्री हवामान-निरीक्षकांना दिसले होते, तरीही नाही. स्फोटानंतर चार-सहा तासांनी आकाशातून पांढरी भुकटी पडू लागली. ती स्फोटाने उडालेल्या प्रवाळाची राख होती. मुले तिच्यात खेळली. ती पाण्याच्या टाक्यांत पडली, वाळत घातलेल्या अन्नावर बसली, घामेजल्या अंगाला चिकटली. संध्याकाळपर्यंत अंगाची आग, मळमळ, ओकाऱ्या सुरू झाल्या.

शेजारच्या राँगेरिक बेटावर अमेरिकेचे २८ सैनिक हवामान केंद्रावर होते. त्यांना दुसऱ्या दिवशी उचलले. राँगेलापच्या ६४ आणि जवळच्या आयलिंगिने बेटावर गेलेल्या १८ जणांना नेण्यासाठी जहाज आले ते सुमारे पन्नास तासांनी. आणखी पूर्वेला, तीनशे मैलांवरच्या युटिरिकच्या दीडशेहून अधिक लोकांना त्याही नंतर. सर्वांना क्वाजालीनच्या नौदल तळावर आणले गेले. ११ मार्च रोजी अणुऊर्जा आयोगाने पत्रक काढले की २८ अमेरिकन आणि २३६ बेटवासीयांना अनपेक्षितपणे थोडाफार किरणोत्सर्ग लागला असून कोणालाही भाजलेले नाही, सर्वांची प्रकृती ठीक आहे. पत्रकाची शाई वाळते न वाळते तोच राँगेलापच्या लोकांच्या मानेवर, पावलांवर, काखांत चट्टे उठू लागले आणि मुलांचे केस मूठमूठ गळू लागले.

(याच राखेत जपानचे एक मासेमारी जहाज सापडले आणि त्यावरील २३ खलाशी आजारी पडून जगभर गदारोळ उठला. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबविण्यासाठी जगापुढे प्रस्ताव मांडला, तो त्यामुळेच. बेटवासीयांनी स्वतःही त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला होता. चाचण्या मात्र चालूच राहिल्या.)

आता मूळ विषयाकडे येऊ. क्वाजालीनवर डॉक्टरांचे एक पथक तातडीने आले. त्यांनी जखमा धुतल्या, मलमपट्टी केली, रोज रक्त तपासले. पांढऱ्या पेशी आणि रक्तकणिका बऱ्याच खाली गेल्या होत्या. पुढच्या काही आठवड्यांत त्या सावरू लागल्या. त्या पहिल्या काही महिन्यांत कोणी दगावले नाही, आणि याचे श्रेय आम्ही त्या डॉक्टरांकडून हिरावून घेणार नाही. पण ज्या प्रकल्पाखाली ते आले होते त्याचे अधिकृत नाव पाहा. प्रकल्प ४.१ : अणुराखेतील बीटा आणि गॅमा किरणांचा मोठा मारा झालेल्या मानवांच्या प्रतिसादाचा अभ्यास. नावात रुग्ण हा शब्द नाही, उपचार हाही नाही. माणसांची छायाचित्रे काढली गेली, ती छातीशी क्रमांकाची पाटी धरून.

पुढे ही जबाबदारी न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे गेली. डॉ. रॉबर्ट कोनार्ड यांच्या नेतृत्वाखाली तिचे पथक दरवर्षी मार्चच्या सुमारास बेटावर यायचे, सर्वांना तपासायचे, रक्त आणि लघवीचे नमुने घ्यायचे आणि परत जायचे. उरलेले अकरा महिने बेटावर एक आरोग्य सेवक आणि औषधांची पेटी. साध्या दातदुखीला, अडलेल्या बाळंतिणीला, क्षयाच्या खोकल्याला त्या वार्षिक भेटीचा काय उपयोग? लोकांना वाटायचे, एवढे मोठे डॉक्टर एवढ्या दुरून आले आहेत, तर आम्हाला बरे करतील. डॉक्टरांना नेमून दिलेले काम होते किरणोत्सर्गाचे परिणाम शोधण्याचे. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतील. पण तपासणाऱ्याची आणि तपासून घेणाऱ्याची समजूत अशी वेगळी असली की मधल्या जागेत अविश्वास वाढतो.

युटिरिकच्या लोकांना काही महिन्यांतच, आणि राँगेलापच्या लोकांना १९५७ मध्ये स्वतःच्या बेटावर परत नेण्यात आले. बेट राहण्यास सुरक्षित आहे असे सांगण्यात आले. त्याआधी, जानेवारी १९५६ मध्ये, अणुऊर्जा आयोगाच्या सल्लागार समितीत एका अधिकाऱ्याने या भागाला जगातील सर्वाधिक दूषित ठिकाण म्हटले होते, आणि तेथे परतणाऱ्या माणसांकडून चांगली माहिती मिळेल असे सांगताना हे लोक सुसंस्कृत पाश्चात्त्यांसारखे जगत नसले तरी उंदरांपेक्षा आपल्याला अधिक जवळचे आहेत, असा शेरा मारला होता. तो इतिवृत्तात नोंदला गेला आणि दशकांनंतर उजेडात आला. आम्ही त्यावर भाष्य करीत नाही. या सभागृहातील वडीलधाऱ्यांना अशा वाक्यांची जात ओळखता येते.

१९५७ मध्ये परतलेल्यांत असेही पुष्कळ होते जे १ मार्च १९५४ ला बेटावर नव्हते. ब्रूकहेवनच्या वहीत ते 'अबाधित' म्हणून नोंदले गेले आणि बाधितांशी तुलना करण्यासाठीचा गट ठरले. शास्त्राला असा गट लागतो हे खरे. पण हे अबाधित त्याच बेटावर राहत होते, तिथलेच नारळ, तिथलेच खेकडे, तिथलेच मासे खात होते. सिझियम १३७ मातीतून नारळात येते, आणि त्याची मात्रा निम्मी व्हायला तीस वर्षे लागतात. परतल्यानंतर लोकांच्या शरीरातील सिझियम आणि स्ट्रॉन्शियम अनेक पटींनी वाढल्याचे याच पथकाच्या मोजणीत दिसून आले. तरीही कागदावर ते अबाधित राहिले. पुढे वैद्यकीय हक्क ठरविण्याची वेळ आली तेव्हा याच शब्दाने त्यांचा रस्ता अडविला. आम्हाला या सगळ्या प्रकरणात सर्वांत अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट कोणती, असे विचाराल तर ती ही : संशोधनाच्या सोयीसाठी आखलेली रेघ पुढे शुश्रूषेची सीमा झाली.

थायरॉइड ग्रंथीची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण दीर्घकाळ काळजी घेणे म्हणजे काय हे तिच्यातूनच कळते. स्फोटाच्या राखेत किरणोत्सर्गी आयोडीन भरपूर असते. ते पाण्यातून, अन्नातून पोटात गेले की शरीर ते थायरॉइडमध्ये साठवते. लहान मुलाची ग्रंथी अगदी छोटी. तेवढ्याच आयोडीनचा मारा तिच्यावर कितीतरी अधिक होतो. पण परिणाम लगेच दिसत नाही. राँगेलापच्या काही मुलांची, विशेषतः दोन मुलग्यांची, उंची खुंटली असल्याचे पथकाच्या लक्षात येत होते. हाडांची क्ष-किरण छायाचित्रे काढली जात होती, मोजमापे लिहिली जात होती. थायरॉइड मंदावली असेल अशी शंका घेऊन रक्तही तपासले गेले, पण त्या काळची चाचणी रक्तातील प्रथिनांना बांधलेले आयोडीन मोजत असे, आणि मार्शल लोकांच्या रक्तात एका वेगळ्या आयोडीनयुक्त प्रथिनामुळे तो आकडा मुळातच चढा येई. म्हणून सर्व ठीक आहे असे वाटत राहिले. हा लबाडीचा भाग नव्हता. विद्येची मर्यादा होती. पण ती मुले त्या वर्षांत वाढली नाहीत, हेही तितकेच खरे.

१९६३ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात गाठ लागली. पुढच्या वर्षी ग्वाम येथील नौदल रुग्णालयात पहिल्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि मग एकामागून एक मुलांना अमेरिकेत नेले जाऊ लागले. दहा वर्षांखालील ज्या मुलांवर राँगेलापमध्ये राख पडली होती त्यांतील बहुतेकांच्या थायरॉइडमध्ये पुढे दोष निघाला. १९६५ पासून बाधितांना थायरॉक्सिन देण्यास सुरुवात झाली. खुंटलेली मुले त्यानंतर काही प्रमाणात वाढलीही.

थायरॉक्सिनची गोळी स्वस्त आहे, छोटी आहे, आणि ती मरेपर्यंत रोज घ्यावी लागते. आपल्या घरांतही ती घेणाऱ्या अनेक भगिनी असतील. आपल्याला ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. जेथे महिनोन्महिने बोट येत नाही, औषधाचे दुकान नाही, रक्ताची चाचणी वर्षातून एकदा, तेथे रोजची गोळी ही केवढी मोठी व्यवस्था आहे याचा विचार करा. साठा संपला तर? ज्याला काहीच त्रास जाणवत नाही त्याने ती का घ्यावी, हे त्याच्या भाषेत बसून कोण सांगणार? अनेक जण गोळ्या नियमित घेत नाहीत हे पथकाला दिसत होते. मार्शल भाषेत किरणोत्सर्गाला शब्द नव्हता. लोक इंग्रजी 'पॉयझन'वरून बनलेला 'बाइजिन' हा शब्द वापरीत. विष. विष अंगात आहे असे सांगायचे आणि एक पांढरी गोळी हातावर ठेवायची, एवढ्याने भागत नाही.

लेकोज अंजाइन हा मुलगा ब्राव्होच्या दिवशी एक वर्षाचा होता. त्याचे वडील जॉन अंजाइन राँगेलापचे प्रमुख होते. १९७२ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रक्ताच्या कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला. त्याच सुमारास राँगेलापच्या लोकांनी पथकाकडून तपासून घेण्यास नकार दिला होता. आम्हाला स्वतंत्र डॉक्टर हवेत, आमचे अहवाल आम्हाला समजतील असे हवेत, अशी त्यांची मागणी होती. मायक्रोनेशियाच्या काँग्रेसमध्ये अताजी बालोस यांनी हा प्रश्न उचलला आणि चौकशी समिती नेमली गेली. नकार हेच या लोकांच्या हातातले एकमेव साधन होते. त्यांनी ते वापरले, आणि त्यानंतर गोष्टी थोड्या हलल्या. निवासी डॉक्टर नेमले गेले, भेटी वाढल्या, इतर आजारांकडेही थोडेफार लक्ष जाऊ लागले. १९७७ मध्ये यांतल्याच एका निवासी डॉक्टरांनी, डॉ. कोनराड कोट्राडी यांनी, आपल्याच संस्थेला उद्देशून लिहिले की लोकांना हवी आहे ती सर्वांगीण आरोग्यसेवा आणि संस्था देत आहे तो किरणोत्सर्गाचा अभ्यास. हे आतल्याच माणसाने लिहावे, याचे आम्हाला फार मोल वाटते.

याच वर्षांत युटिरिकनेही धक्का दिला. तेथील मारा कमी होता, म्हणून भेटीही कमी होत्या. वीस-बावीस वर्षांनी तेथेही थायरॉइडच्या गाठी अपेक्षेपेक्षा अधिक दिसू लागल्या. 'तुम्हाला काही होणार नाही' हे ऐकत आलेल्या लोकांचा संताप झाला नसता तरच नवल.

१९८५ च्या मे महिन्यात, सरकार हलवीत नाही म्हणून, राँगेलापचे तीनशेहून अधिक लोक सिनेटर जेटन अंजाइन यांच्या पुढाकाराने ग्रीनपीसच्या 'रेनबो वॉरियर' जहाजातून आपले बेट सोडून क्वाजालीन कंकणद्वीपातील मेजाट्टो बेटावर गेले. १९८६ मध्ये मार्शल बेटांचा अमेरिकेबरोबर मुक्त सहयोगाचा करार अमलात आला. त्यात नुकसानभरपाईसाठी १५ कोटी डॉलरचा निधी, आणि चार कंकणद्वीपांच्या लोकांच्या आरोग्यासाठी वर्षाला २० लाख डॉलर. भरपाईच्या न्यायाधिकरणाने पुढे दोन अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे निवाडे दिले. निधी आटला, आणि अनेक जण पूर्ण रक्कम हाती येण्यापूर्वीच वारले. सन २००० मध्ये बेटांच्या सरकारने अमेरिकन काँग्रेसकडे वाढीव मदतीचा अर्ज केला. २००५ मध्ये अमेरिकन प्रशासनाने त्याला कायदेशीर आधार नसल्याचा अहवाल दिला.

१९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नेमलेल्या समितीने आपला अहवाल दिला. लोकांना मुद्दाम राखेत ठेवून प्रयोग केला याचा पुरावा तिला आढळला नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण संतापाच्या भरात सिद्ध न झालेली गोष्ट सिद्ध म्हणून सांगण्याची सवय आपल्यालाही आहे, आणि तिने खऱ्या गाऱ्हाण्याचेच नुकसान होते. उपचार कोणता आणि संशोधन कोणते हे लोकांना स्पष्ट करून सांगितले गेले नव्हते, हे गाऱ्हाणे त्या अहवालाने पुसले जात नाही.

१९९८ मध्ये ब्रूकहेवनचे काम संपले. होनोलुलू येथील पॅसिफिक हेल्थ रिसर्च इन्स्टिट्यूटकडे कार्यक्रम गेला, आणि जहाजातून येणाऱ्या पथकाऐवजी माजुरो व इबाय येथे बारमाही दवाखाने सुरू झाले. चव्वेचाळीस वर्षांनी. मूळ बाधितांची यादी मात्र तीच, १९५४ ची. आणि ती दरवर्षी लहान होत आहे. यादीबाहेरच्या माणसाला कर्करोग झाला तर देशात त्यावरच्या किरणोपचाराची सोय नाही. होनोलुलू किंवा मनिलाला जावे लागते, आणि माजुरोपासून होनोलुलू दोन हजार मैलांहून दूर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार अणुराखेमुळे या बेटांवर सुमारे १७० जादा कर्करोग संभवतात. आकडा लहान वाटेल. पण तो किती लहान लोकसंख्येतला आहे हे ध्यानात घ्या, आणि राँगेलापसारख्या मूठभर माणसांच्या बेटांवर त्याचा भार किती जास्त आहे तेही.

आता आपल्या दाराशी येऊ. करारानुसार मार्शलचे नागरिक व्हिसाशिवाय अमेरिकेत राहू आणि काम करू शकतात. म्हणून हवाई, आर्कन्सा, वॉशिंग्टन, ओरेगन येथे त्यांच्या वस्त्या आहेत. १९९६ च्या कल्याणकारी योजनांच्या कायद्याने त्यांना केंद्राच्या मेडिकेडमधून वगळले गेले. ते कारखान्यात राबत होते, कर भरत होते, आणि आजारी पडले की विमा नाही. ही तरतूद डिसेंबर २०२० मध्ये दुरुस्त झाली. म्हणजे चोवीस वर्षे गेली. त्याच वर्षी करोनाच्या साथीत वायव्य आर्कन्सातील मार्शल लोकांत मृत्यूचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठे होते. पात्रता परत मिळाली तरी अर्ज भरावे लागतात, दुभाषा लागतो, आणि जुना अविश्वास तर विमापत्रावर कोठेच लिहिलेला नसतो.

डार्लीन केजू या मार्शल आरोग्य कार्यकर्तीचे नाव येथे घेतले पाहिजे. १९८३ मध्ये व्हँकुव्हर येथे जागतिक चर्च परिषदेपुढे त्यांनी आपल्या बायकांच्या गर्भपातांची आणि विकृत जन्मांची व्यथा मांडली. मायदेशी परतून त्यांनी तरुणांना हाताशी धरून गावोगाव गाणी, नाटके यांतून आरोग्यशिक्षणाची चळवळ उभी केली. १९९६ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. बाहेरचे पथक येईपर्यंत थांबायचे नाही, आपल्यातलीच मुले तयार करायची, हा त्यांचा मार्ग होता, आणि आम्हाला तो सर्वांत टिकाऊ वाटतो.

आमच्या त्या परिचारिका भगिनींनी पुढे काय केले, असे काही जणांनी विचारले. विशेष काही नाही. रक्त घेण्यापूर्वी ते कशासाठी घेत आहोत हे त्या दुभाष्याकरवी सांगू लागल्या, आणि निकाल आला की स्वतः दूरध्वनी करून कळवू लागल्या. त्या वृद्ध बाई पुढच्या खेपेस आल्या तेव्हा त्यांनी आपली नातही तपासायला आणली होती.

आपल्यापैकी जे डॉक्टर, परिचारिका किंवा औषधनिर्माते अशा वस्त्यांजवळ काम करतात त्यांनी आपली नावे समितीकडे द्यावीत. मेडिकेडचे अर्ज भरून देण्यासाठी महिन्यातून एक शनिवार देऊ शकतील अशा विद्यार्थ्यांचीही आम्हाला गरज आहे. त्यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही. नोंदणीची वही जेवणाच्या दालनाबाहेर ठेवली आहे. १ मार्च हा दिवस मार्शल बेटांत अणुबळींचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. त्याच्या लगतच्या रविवारी पहिली बैठक घेऊ.